कार्बन नॅनोट्यूबवर इथेन आणि इथिलीन वेगळे करताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इथेन-इथिलीनचा प्रयोग बहुतेकांचा एकाच ठिकाणी फसतो. कॉलममध्ये (ज्यातून वायू सोडायचा त्या नळीत) नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, भरल्या जातात, मिश्रण सोडले जाते, आलेखावर दोन रेषा उमटतात आणि त्यांच्यात जे अंतर दिसेल ते 'निवडक्षमता' (भिंत एका वायूला दुसऱ्याच्या किती पट पसंत करते) म्हणून वहीत लिहिले जाते. ते अंतर नॅनोट्यूबमुळेच पडले, हे मात्र कोणी तपासलेले नसते. कधी ते नळ्या बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या आणि नमुन्यात राहून गेलेल्या लोखंडाचे असते, कधी जोडनळीतल्या मोकळ्या जागेचे, तर कधी मोजणाऱ्या यंत्राने दोन वायूंची सरमिसळ केल्याचे.

हे टप्पे इथेन-इथिलीन जोडी धरून लिहिले आहेत. प्रोपेन-प्रोपिलीन किंवा नॉर्मल ब्युटेन-आयसोब्युटेन घेतलेत तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## आधी कागदावर: फरक किती अपेक्षित आहे?

इथिलीन उणे १०३.७ अंश सेल्सिअसला उकळते, इथेन उणे ८८.६ अंशांना. रेणूंचा गतिक व्यास (छिद्रातून जाताना रेणूला लागणारी रुंदी) अनुक्रमे ०.४१६ आणि ०.४४४ नॅनोमीटर. म्हणजे दोघांत पाव अँगस्ट्रॉमच्या आसपास तफावत. ज्या नळीचे भोक यांच्या दुप्पट आहे तिथे 'लहान रेणू आत, मोठा बाहेर' अशी चाळणी होत नाही. दोघेही आत जातात आणि भिंत कोणाला किंचित जास्त ओढते यावर सगळे ठरते.

स्वच्छ कार्बन भिंतीवर इथेन किंचित जास्त घट्ट बसते. कारण सरळ आहे. इथे धातूचा आयन किंवा विद्युतप्रभार नाही, नुसते व्हॅन डर वाल्स आकर्षण आहे, आणि इथेनचा रेणू थोडा मोठा व थोडा जास्त ध्रुवणक्षम (ज्याचे इलेक्ट्रॉन सहज सरकतात असा) आहे. इथिलीनच्या द्विबंधाला विशेष पकड हवी असेल तर चांदीचा किंवा एकसंयुजी तांब्याचा आयन लागतो. तो विषय वेगळा.

हा 'किंचित' किती? अधिशोषण उष्णतेत (रेणू भिंतीवर बसताना सुटणाऱ्या उष्णतेत) फक्त १ किलोज्यूल प्रति मोलचा फरक असेल आणि एंट्रोपी सारखी धरली, तर २९८ केल्विनला पकडीचे गुणोत्तर सुमारे १.५ येते. समजा प्रत्यक्षात निवडक्षमता १.३ निघाली. निम्मे-निम्मे मिश्रण दिल्यावर भिंतीवर इथेन ५६.५ टक्के आणि इथिलीन ४३.५ टक्के बसेल. बस्स, एवढेच. आता प्रत्येक वायूच्या मोजणीत १० टक्के चूक असेल तर गुणोत्तरात सुमारे १४ टक्क्यांची अनिश्चितता शिरते, म्हणजे तुम्ही शोधत असलेल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग तिनेच खाल्ला. पुढचा प्रत्येक टप्पा ही चूक कमी करण्यासाठी आहे. म्हणून एकही टप्पा वगळू नका आणि क्रम उलटा करू नका.

## सुरक्षितता: पावडर आणि वायू, दोन्हींची

नॅनोट्यूबची कोरडी पावडर हवेत सहज तरंगते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा ८ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे. एवढी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. पावडर काढणे, तोलणे, चाळणे हे सगळे हेपा फिल्टर असलेल्या बंदिस्त कपाटात किंवा फ्युम हूडमध्ये करा. सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या कापडाने टिपा.

इथिलीन हवेत २.७ ते ३६ टक्क्यांदरम्यान पेट घेते, इथेन साधारण ३ ते १२.५ टक्क्यांदरम्यान. इथिलीनचा पट्टा फार रुंद आहे, त्यामुळे 'थोडीशी गळती' हा प्रकारच धरू नका. बाहेर पडणारा वायू थेट निकास नळीला जोडा आणि ज्वलनशील वायूचा डिटेक्टर चालू ठेवा.

इशारा: गरम कॉलममध्ये हवा आणि हायड्रोकार्बन एकत्र येता कामा नयेत. दर वेळी आधी हेलियमने धुवायचे, मग तापवायचे. थंड झाल्याशिवाय कॉलम उघडायचा नाही.

## टप्पा १: डब्यातली नळी खरोखर कोणती आहे?

लेबलवर बाहेरचा व्यास आणि 'शुद्धता ९५ टक्के' एवढेच असते. तुम्हाला आतला व्यास हवा आहे, आणि शुद्धतेच्या आकड्यात उरलेला धातू धरला आहे की नाही तेही कळायला हवे.

बहुभित्ती नळीचे आतले भोक ५ ते १० नॅनोमीटर असेल तर अर्ध्या नॅनोमीटरहून लहान रेणूला ती जवळजवळ सपाट भिंतच वाटते. समोरासमोरच्या भिंतींची ओढ एकमेकींवर पडण्यासाठी भोक अरुंद लागते, म्हणून अशा कामाला एकभित्ती नळ्या जास्त उपयोगी. पण तिथेही व्यास वाचताना हटकून चूक होते. पुस्तकी व्यास कार्बन अणूच्या केंद्रापासून समोरच्या अणूच्या केंद्रापर्यंत मोजलेला असतो. त्यातून सुमारे ०.३४ नॅनोमीटर वजा केल्यावर रेणूला मिळणारी खरी जागा कळते. (१०,१०) प्रकारच्या नळीचा (हे आकडे कार्बनची जाळी कशी गुंडाळली आहे ते सांगतात) व्यास १.३६ नॅनोमीटर, मोकळी जागा १.०२. (८,८) नळीचा १.०८, मोकळी जागा ०.७४. दुसऱ्या नळीत इथेनला दोन्ही बाजूंची भिंत जाणवते, पहिलीत तेवढी नाही.

तीन तपासण्या कराव्याच लागतात.

१. रामन वर्णपट. १५९० च्या आसपासचा जी-पट्टा आणि १३५० जवळचा डी-पट्टा (आकडे प्रति सेंटीमीटर तरंगांकात) यांच्या उंचीवरून दोष किती ते कळते. एकभित्ती नळीत १०० ते ३०० दरम्यान श्वसन-कंपनाची (नळीचा घेर आत-बाहेर होण्याची) शिखरे दिसतात. २४८ ला त्या तरंगांकाने भागले की व्यास नॅनोमीटरमध्ये येतो; १८२ ला शिखर असेल तर सुमारे १.३६. गुच्छातल्या नळ्यांसाठी सूत्र थोडे बदलते. आणि एकाच लेझरला सगळ्या नळ्या दिसत नाहीत, म्हणून एका शिखरावरून 'आमचा नमुना एकाच व्यासाचा आहे' असे लिहू नका.

२. हवेत तापवून वजन. थर्मोग्रॅव्हिमेट्रीत सगळा कार्बन जळून गेल्यावर जे उरते ते ऑक्साइड असते, धातू नव्हे. १० टक्के लालसर राख उरली आणि उत्प्रेरक लोखंड असेल, तर मूळ नमुन्यात लोखंड सुमारे ७ टक्के. बरेच जण राखेलाच धातू समजून चुकीचा आकडा पुढे नेतात.

३. ७७ केल्विनला नायट्रोजन. किती नायट्रोजन बसतो त्यावरून पृष्ठफळ काढा, पण ०.०५ ते ०.३ सापेक्ष दाबाचा ठरीव पट्टा डोळे मिटून वापरू नका. सूक्ष्म छिद्रांच्या नमुन्यात सरळ रेषा त्याहून कमी दाबावर मिळते. बंद टोकांच्या, सुट्या एकभित्ती नळीच्या फक्त बाहेरच्या बाजूचे सैद्धांतिक पृष्ठफळ १३१५ चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे. नळ्या गुच्छात चिकटलेल्या असल्याने तुमचा आकडा त्याहून बराच कमी येईल. तो जास्त आला तर नळ्या उघडल्या आहेत, किंवा नमुन्यात नळीखेरीज सच्छिद्र कार्बन आहे, किंवा गणित चुकले आहे.

तपासणी: व्यासाचा पट्टा, धातूचे प्रमाण आणि पृष्ठफळ हे तीन आकडे वहीत आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: साफ करणे आणि तोंडे उघडणे

बनवलेल्या नळ्यांची टोके सहसा अर्धगोल टोपीने बंद असतात. अशा नमुन्यात वायू फक्त गुच्छाच्या बाहेरच्या भिंतीवर आणि दोन नळ्यांच्या मधल्या खाचांत बसतो. नळीच्या पोटात तो जातच नाही. मग आतल्या व्यासाची चर्चा कशासाठी?

क्रम असा ठेवा: आधी सौम्य हवेत तापवणे, नंतर हायड्रोक्लोरिक आम्ल, नंतर धुणे, शेवटी निष्क्रिय वायूत किंवा निर्वातात तापवणे.

हवेत तापवणे आधी का? धातूचे कण बहुधा कार्बनच्या कवचात अडकलेले असतात. कवच फोडले नाही तर आम्ल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवतात, पण दुसऱ्याचा आकडा उचलू नका. लोखंड, कोबाल्ट, निकेल स्वतःच कार्बन जाळायला मदत करतात, त्यामुळे धातू जास्त असलेला नमुना कमी तापमानाला पेटतो. टप्पा १ मधल्या वजनाच्या आलेखावर घसरण कुठे सुरू होते ते पाहा आणि त्याच्या बरेच खाली थांबा. पहिल्यांदा थोडाच नमुना बोटीत पातळ पसरून घ्या. ढीग करून ठेवलात तर मधला भाग स्वतःच्याच उष्णतेने जळतो आणि भट्टीच्या पडद्यावर तापमान मात्र ठरवलेलेच दिसत राहते.

मग हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळणे, गाळणे, आणि गाळलेले पाणी उदासीन होईपर्यंत धुणे. लोखंड विरघळले की द्रव पिवळसर होतो. दुसऱ्यांदा आम्ल घातल्यावर रंग येईनासा झाला की थांबा.

पुष्कळ जण इथे थेट तीव्र नायट्रिक आम्लात उकळतात. त्याने तोंडे उघडतात हे खरे, पण टोकांवर आणि दोषांच्या जागी कार्बोक्सिल गट येऊन बसतात. हे गट दाराशी अडसर बनतात. झेनॉन वायू वापरून केलेल्या मोजमापांत असे दिसले आहे की निर्वातात सुमारे १०७३ केल्विनपर्यंत तापवून हे गट उडवले तेव्हाच वायू नळीच्या आत नीट शिरला. शिवाय ऑक्सिजनचे गट ध्रुवीय असतात आणि इथिलीनच्या द्विबंधाला ओढतात. इथेनकडे झुकणारा नमुना त्यांच्यामुळे इथिलीनकडे झुकू शकतो. नायट्रिक वापरायचेच असेल तर वापरा, पण शेवटचे तापवणे टाळू नका. कार्बोक्सिल गट साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइड होऊन जातात. फिनॉल आणि कार्बोनिल गटांना त्याहून बरेच जास्त तापमान लागते.

तपासणी: राख, रामन आणि नायट्रोजन पुन्हा एकदा. राख घटली, पृष्ठफळ वाढले आणि डी-पट्टा फारसा चढला नाही, तर साफसफाई जमली. डी-पट्टा दुप्पट झाला असेल तर तुम्ही नळ्या उघडल्या नाहीत, कुरतडल्या.

## टप्पा ३: वायू काढणे आणि खरे वजन

नमुन्यात आधीच बसलेली हवा आणि आर्द्रता काढण्यासाठी तो रात्रभर १५० ते २०० अंश सेल्सिअसला निर्वातात ठेवा. झडप हळू उघडा. हलकी पावडर एका झटक्यात नळीतून वर ओढली जाते आणि थेट पंपाच्या फिल्टरवर जाऊन बसते. नमुन्यावर काचलोकरीचा बोळा ठेवला की हा त्रास वाचतो.

वजन वायू काढल्यानंतरचे घ्यायचे, आधीचे नव्हे. ऑक्सिजन गट असलेला नमुना हवेतली आर्द्रता धरतो. आधीच्या वजनाने भागलेत तर प्रत्येक ग्रॅममागची क्षमता खोटी निघते.

तपासणी: पंपाची झडप बंद करून दहा मिनिटे दाब पाहा. दाब चढून एका पातळीला थांबला तर नमुना अजून वायू सोडतो आहे. एकसारखा चढतच राहिला तर गळती आहे.

## टप्पा ४: शुद्ध वायूंचे आयसोथर्म

मिश्रणाकडे जाण्याची घाई इथेच होते. प्रत्येक वायूचा वेगळा आयसोथर्म (एकाच तापमानाला कोणत्या दाबाला किती वायू बसतो त्याचा आलेख) हातात नसेल तर मिश्रणाचा निकाल बरोबर की चूक हे ताडून कशाशी पाहणार?

आकारमान पद्धतीत (ठरावीक जागेतला दाब किती घटला त्यावरून बसलेला वायू मोजतात) सगळे गणित मोकळ्या जागेवर, म्हणजे डेड व्हॉल्यूमवर उभे असते. हे एकदा जवळून पाहू. २९८ केल्विन आणि १ बारला १ मि.ली. जागेत ०.०४०३ मिलिमोल वायू मावतो. तुमचा नमुना ०.१ ग्रॅम आहे आणि हेलियमने मोजलेल्या मोकळ्या जागेत १ मि.ली. चूक झाली, तर शेवटच्या बिंदूवर चूक ०.४ मिलिमोल प्रति ग्रॅम. अनेक नमुन्यांत १ बारला एकूण क्षमताच १ मिलिमोल प्रति ग्रॅमच्या आसपास असते! नमुना ०.५ ग्रॅम घ्या आणि मोकळी जागा ०.१ मि.ली.च्या आत ओळखा, म्हणजे तीच चूक ०.००८ वर येते. नमुना वाढवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

पुढचे क्रमाने:

१. हेलियमने मोकळी जागा किमान तीनदा मोजा. नमुन्याचे तापमान पुढे जे ठेवणार तेच ठेवा.

२. तापमान ०.१ अंशाच्या आत धरा. अधिशोषण उष्णता २५ किलोज्यूल प्रति मोल धरली तर २९८ केल्विनजवळ १ अंशाच्या फरकाने कमी दाबावरचे अधिशोषण सुमारे ३.४ टक्क्यांनी बदलते. सकाळी इथेन आणि दुपारी इथिलीन, मध्ये खोली दोन अंशांनी तापलेली, की निवडक्षमतेत ७ टक्के फुकट आले. पाण्याचा अभिसरण कुंड वापरा.

३. बिंदू कमी दाबाकडे दाट घ्या. ०.०५ बारच्या खाली निदान पाच-सहा बिंदू हवेत. हेन्री स्थिरांक (आयसोथर्मच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ) तिथूनच निघतो, आणि दोन वायूंच्या पकडीतला खरा फरकही तिथेच सर्वांत स्वच्छ दिसतो.

४. प्रत्येक बिंदूला दाब स्थिर होईपर्यंत थांबा. अरुंद नळ्यांत ठरावीक दोन मिनिटे पुरतीलच असे नाही. यंत्राला वेळ सांगू नका, दाब किती कमी बदलला की पुढे जायचे ते सांगा.

५. दाब उतरवतानाही बिंदू घ्या. २५ अंशांना १ बारपर्यंत या वायूंचे द्रवीभवन होत नाही. चढती आणि उतरती रेषा एकमेकींवर पडायलाच हवी. फट दिसली तर समतोल झालेला नव्हता, किंवा इथिलीन कुठेतरी रासायनिक बंधाने अडकले आहे.

६. हाच उद्योग आणखी दोन तापमानांना करा. त्यावरून अधिशोषण उष्णता काढता येते. भारणाबरोबर, म्हणजे बसलेला वायू वाढत जाताना, ती कशी बदलते ते पाहा: सुरुवातीला जास्त आणि मग झपाट्याने घसरत असेल तर मोजक्या घट्ट जागा आधी भरत आहेत. बहुधा नळ्यांमधल्या खाचा, अरुंद नळ्यांची पोटे, किंवा राहिलेला धातू.

तपासणी: स्वच्छ नमुन्यावर कमी दाबाला इथेनची रेषा इथिलीनच्या वर असावी. खाली असेल तर टप्पा २ ला परत जा. धातू आणि ऑक्सिजन गट पुन्हा मोजा. हा उलटा क्रम 'नवा शोध' म्हणून पुढे नेलेला मी पाहिला आहे. नमुना पुन्हा आम्लात धुऊन तापवला आणि शोध नाहीसा झाला. कष्टाने जमवलेले महिने त्यात गेले होते.

## टप्पा ५: मिश्रणाचा अंदाज आधीच काढा

शुद्ध वायूंच्या आयसोथर्मवरून मिश्रणाचा अंदाज काढायची रूढ रीत म्हणजे आदर्श अधिशोषित द्रावण सिद्धांत. मायर्स आणि प्राउस्निट्झ यांनी तो १९६५ मध्ये मांडला. तयार प्रोग्राम मिळतात, त्यामुळे गणित अवघड नाही. चूक होते ती आकडे पुरवताना.

पहिली चूक: वक्र बसवताना फक्त उच्च दाबाचा भाग छान जुळवायचा. कमी दाबाकडे १० टक्के विचलन असेल तरी आलेख डोळ्यांना सुंदर दिसतो, कारण तिथले आकडेच लहान असतात. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक करून पाहा, उघडे पडेल.

दुसरी चूक कमी लोकांना माहीत असते. या सिद्धांतात कमी पकडीच्या वायूचा आयसोथर्म मिश्रणाच्या एकूण दाबापेक्षा जास्त दाबावर वाचावा लागतो. १ बारच्या मिश्रणाचा अंदाज हवा असेल तर इथिलीनचा आयसोथर्म १ बारच्या पुढे मोजलेला हवा. नाहीतर प्रोग्राम वक्र स्वतःच लांबवतो आणि तुम्हाला सांगतही नाही.

निघालेला अंदाज तारीख घालून वहीत लिहून ठेवा, मिश्रणाचा प्रयोग करण्याआधी.

## टप्पा ६: कॉलम भरणे

सैल पावडर थेट भरू नका. ती दाबली जाते, वायूला वाट राहत नाही, आणि मग एखाद्या कडेने चर पडून सगळा वायू तिथूनच पळतो. पावडर हलक्या दाबाने वडी करून फोडा आणि २५० ते ४२० मायक्रोमीटरचे कण चाळून घ्या. कॉलमचा आतला व्यास कणाच्या निदान दहापट हवा, ४ मि.मी. कॉलमला हे कण जेमतेम बसतात. बांधणीसाठी दुसरे काही मिसळू नका, त्याचेही अधिशोषण मोजले जाईल. आणि वडी केल्यावर नायट्रोजनचे पृष्ठफळ पुन्हा पाहा. दाब जास्त झाला असेल तर ते घटलेले दिसेल.

भरताना थोडे थोडे घालून कॉलमवर बाहेरून हलके ठोकत राहा. दोन्ही टोकांना काचलोकर. भरण्याआधी आणि नंतर वजन.

आता वेळेचा हिशेब. ४ मि.मी. व्यास, १० सें.मी. लांबी म्हणजे १.२६ मि.ली. जागा, घनता ०.२ ग्रॅम प्रति मि.ली. धरली तर पाव ग्रॅम नमुना. १० टक्के इथेन, १० टक्के इथिलीन, बाकी हेलियम असे मिश्रण मिनिटाला १० मि.ली. सोडले. समजा या अवस्थेत इथेन ०.५ आणि इथिलीन ०.३८५ मिलिमोल प्रति ग्रॅम बसते, म्हणजे निवडक्षमता १.३. मग इथिलीन सुमारे २.४ मिनिटांना बाहेर येईल आणि इथेन ३.१ मिनिटांना. मध्ये फक्त ४३ सेकंद! दर ५ मिनिटांनी एक नमुना घेणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला यातले काहीही दिसणार नाही.

उपाय म्हणून काही जण मिश्रण आणखी पातळ करतात. आयसोथर्म सरळ रेषेत असेल त्या भागात याने वेळ वाढत नाही, कारण क्षमता आणि पुरवठा दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. नमुना वाढवा किंवा प्रवाह कमी करा. प्रवाह २.५ मि.ली. केला तर अंतर जवळपास ३ मिनिटे होते. प्रवाह फारच कमी केला की विसरणाने रेषा पसरू लागतात, म्हणून आधी नमुना वाढवून पाहा.

## टप्पा ७: यंत्र दोघांना वेगळे ओळखते का?

मास स्पेक्ट्रोमीटर वेगवान आहे, पण या जोडीत त्याचा सापळा आहे. इथिलीनचे सर्वांत मोठे शिखर वस्तुमान २८ ला. आणि इथेनचेही २८ लाच, कारण आयनीभवनात इथेन दोन हायड्रोजन सोडून त्याच वस्तुमानाचा तुकडा देते. हवेतला नायट्रोजनही तिथेच. २८ चे शिखर 'इथिलीन' म्हणून काढलेला आलेख निव्वळ चुकीचा असतो.

३० हे शिखर इथेनचे एकट्याचे. त्यावरून इथेन मोजा. इथिलीनसाठी २७ किंवा २६ घ्या आणि त्यातून इथेनचा वाटा वजा करा. त्यासाठी शुद्ध इथेन सोडून तुमच्याच यंत्रावर २७ आणि ३० चे गुणोत्तर मोजा. समजा ते १.२५ आले. मिश्रणात ३० ला ४० एकक आणि २७ ला ११० एकक दिसले, तर २७ मधले ५० इथेनचे आणि ६० इथिलीनचे. हे गुणोत्तर दर दिवशी सुरुवातीला मोजा, यंत्राचा फिलामेंट जुना होईल तसे ते सरकते.

क्रोमॅटोग्राफच वापरायचा असेल तर ॲल्युमिना स्तर असलेला केशिका कॉलम या दोघांना स्वच्छ वेगळे करतो. मात्र एका नमुन्याला लागणारा वेळ ब्रेकथ्रूच्या (वायू कॉलमच्या पलीकडून बाहेर येऊ लागण्याच्या) अंतरापेक्षा खूप कमी हवा, नाहीतर बाहेरचा वायू अनेक लूपमध्ये साठवून नंतर एकेक तपासावा.

## टप्पा ८: आधी रिकामी फेरी

नॅनोट्यूबच्या जागी त्याच आकाराचे काचेचे कण भरा आणि नेमका तोच प्रवाह, तेच मिश्रण, त्याच झडपा वापरून फेरी घ्या. मिश्रण बाहेर यायला लागणारा वेळ म्हणजे नळ्या, झडपा, डिटेक्टर यांचा वेळ. जोडनळ्यांत २ मि.ली. जागा असेल तर १० मि.ली. प्रवाहाला १२ सेकंद, २.५ मि.ली. प्रवाहाला ४८ सेकंद. ४३ सेकंदांच्या फरकाचा शोध घेताना १२ सेकंद दुर्लक्षून चालत नाही.

तपासणी: रिकाम्या फेरीत इथेन आणि इथिलीनच्या रेषा एकत्र वर चढायला हव्यात. एक मागे राहत असेल तर नळीत, फिल्टरमध्ये किंवा रबरी सीलमध्ये काहीतरी वायू शोषते आहे. ते आधी शोधा.

## टप्पा ९: मिश्रणाची फेरी

१. कॉलम हेलियमच्या प्रवाहात १५० अंशांना तापवा, मग प्रयोगाच्या तापमानाला आणा. कॉलमच्या मधोमध थर्मोकपल ठेवा. अधिशोषणाने उष्णता सुटते. तापमान २ अंशांहून जास्त चढले तर मिश्रण पातळ करा.

२. मिश्रण आधी बगलेच्या वाटेने, कॉलमला वळसा घालून, डिटेक्टरला पाठवा. संकेत दहा मिनिटे स्थिर राहिले की तीच तुमची शंभर टक्क्यांची पातळी.

३. झडप फिरवा, त्याच क्षणी घड्याळ सुरू. दोन्ही वाटांचा दाब सारखा नसेल तर झडप फिरवताच प्रवाहाला धक्का बसतो. बगलेच्या वाटेवर सुई-झडप लावून दाब आधीच जुळवा.

४. दोन्ही वायू शंभर टक्क्यांवर येऊन दहा मिनिटे तिथेच राहीपर्यंत फेरी चालू ठेवा. रेषा सपाट दिसली की लगेच बंद करण्याचा मोह होतो, पण शेवटचे पाच टक्के हळूहळू येतात आणि क्षमतेचा बराच भाग त्यांतच असतो.

५. मग हेलियम सोडून सुटणारा वायूही मोजा.

स्वच्छ नमुन्यावर इथिलीन आधी बाहेर येईल आणि थोडा वेळ त्याची रेषा शंभर टक्क्यांच्या वर जाईल. घाबरून कॅलिब्रेशन बदलू नका. मागून येणारे इथेन आधी बसलेल्या इथिलीनला जागेवरून हुसकावते, तेच इथिलीन जादा दिसते. ही फुगवटी खरी स्पर्धा चालू असल्याची खूण आहे, आणि हिशेबात ती वजा धरायची असते. ती कापून टाकली तर इथिलीनची क्षमता खोटी वाढते.

## टप्पा १०: हिशेब

आत गेलेला वायू, वजा बाहेर आलेला, वजा रिकाम्या फेरीतली मोकळी जागा, भागिले वजन. वाटते सोपे, पण बाहेरचा प्रवाह स्थिर नसतो. २० टक्के हायड्रोकार्बनचे मिश्रण १० मि.ली. दराने आत जाताना सुरुवातीला बाहेर फक्त हेलियम येते, म्हणजे प्रवाह ८ मि.ली. तो १० धरून गणित केलेत तर चूक शिरली. हेलियम बसत नाही, म्हणून त्याचाच आधार घ्या: आतला प्रवाह गुणिले हेलियमचे आतले प्रमाण भागिले त्याचे बाहेरचे प्रमाण. प्रत्येक क्षणाचा बाहेरचा प्रवाह मिळतो.

निवडक्षमता म्हणजे बसलेल्या इथेन-इथिलीनचे गुणोत्तर भागिले मिश्रणातले गुणोत्तर. दोन ब्रेकथ्रू वेळांचे गुणोत्तर म्हणजे निवडक्षमता नव्हे. मोकळ्या जागेचा वेळ आणि फुगवटी दोन्ही त्यात मिसळलेले असतात.

आकडा लिहिण्याआधी तीन गोष्टी जुळतात का पाहा. बसलेला आणि सुटलेला वायू ५ टक्क्यांच्या आत सारखे आहेत का? सलग तीन फेऱ्यांत निवडक्षमता सारखी येते का? आणि टप्पा ५ मधल्या अंदाजाच्या जवळ आहे का? पहिली गोष्ट जुळत नसेल तर प्रवाह आणि कॅलिब्रेशन पाहा. फेरीगणिक क्षमता घटत असेल तर कॉलम पुरता रिकामा होत नाही. पहिल्या दोन जुळल्या आणि फक्त तिसरी जुळत नसेल, तेव्हाच विचार नॅनोट्यूबकडे वळवा: कदाचित एक वायू दुसऱ्याची वाट अडवत असेल, कदाचित समतोल व्हायला वेळच मिळाला नसेल. प्रवाह निम्मा करून पाहा. निवडक्षमता बदलली तर वेगाचा प्रश्न आहे, नाही बदलली तर समतोलाचा.

## कॉलम पुन्हा वापरताना

हेलियमच्या प्रवाहात १०० ते १५० अंश पुरेसे असतात. 'जरा जास्त तापवू, म्हणजे स्वच्छ होईल' असे करून कॉलममध्ये इथिलीन असताना ६००-७०० अंशांकडे जाऊ नका. नॅनोट्यूब बनवण्याच्या भट्टीत हेच तर असते: लोखंड किंवा निकेल, इथिलीन आणि एवढेच तापमान. नमुन्यात धातूचा अंश राहिला असेल तर कॉलममध्ये नवा कार्बन वाढू लागेल आणि नमुन्याचे वजन, छिद्रे, मोकळी जागा सगळेच बदलेल.

फेऱ्यांच्या मध्ये कॉलम दोन्ही टोकांना बंद करून हेलियमच्या किंचित जास्त दाबाखाली ठेवा. दहा फेऱ्यांनंतर एकदा शुद्ध इथेनचा एकच बिंदू, ठरलेल्या दाबाला, पुन्हा मोजा. पहिल्या दिवशीच्या आकड्यापासून तो ३ टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर कॉलम उघडा, पावडर काढा आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा.